उजव्या पायावरची रुपयाएवढी जागा

मी एक जुना बिडाचा सांगाडा आहे, विजेच्या मोटारीचा. मित्रांनो, मोटार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. फिरणारा पट्टा येतो, घुंई असा आवाज येतो, फार तर आतलं चकचकीत तांबं येतं. मी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. खरं तर बाहेरून जे दिसतं ते सगळं मीच असतो, तरी मी दिसत नाही. घरात दिवसभर राबणाऱ्या बाईचं जसं होतं, तसंच.

आज मी हिंगोलीकडच्या हट्टा गावाजवळ, एका बंजारा तांड्यावर, हळदीच्या शेडमागे आडवा पडलो आहे. पोट रिकामं आहे. माझ्या आकड्याला एक शेळी बांधतात. ती दिवसभर माझ्याकडे पाठ करून रवंथ करते. तिला सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हांला सांगतो.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका भट्टीत, काळ्या वाळूच्या साच्यात झाला. भंगारातल्या जुन्या बिडाचा रस करून मला ओतलं. माझ्यात कुणाच्या शिलाई मशीनचा पाय आहे, कुणाच्या उसाच्या चरकाचा दात आहे. म्हणजे जन्मतःच मी म्हातारा होतो. थंड झाल्यावर त्यांनी मला घासलं, आतून गोल कातलं, अंगावरच्या उभ्या पट्ट्या साफ केल्या. त्या पट्ट्या शोभेच्या नाहीत. आतली गरमी वाऱ्यावर सोडायची ती वाट असते. आतल्या तांब्याला घट्ट धरून ठेवायचं, फिरणाऱ्या दांड्याला केसभरही हलू द्यायचं नाही, धूळ आत येऊ द्यायची नाही, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, ही माझी कामं.

आणखी एक काम होतं. सगळ्या अंगाला राखाडी रंग मारून झाल्यावर एका म्हाताऱ्या कामगारानं माझ्या उजव्या पायावर, बोल्टाच्या भोकाभोवती, रुपयाएवढी जागा घासून लख्ख उघडी केली. शेजारच्या नव्या कामगाराला तो म्हणाला, "सगळं अंग झाक, पर एवढी जागा झाकू नगंस. ही मोटारीसाठी न्हाई, माणसासाठी हाय."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. कळायला एक माणूस जावं लागलं.

हिंगोलीच्या दुकानात आम्ही आठ-दहा मोटारी ओळीनं बसलो होतो. गिऱ्हाईक यायचं, दुकानदार एकच वाक्य म्हणायचा, "आत शंभर टक्के तांबं आहे." गिऱ्हाईकही मान डोलवायचं. एक दिवस रूपाबाई आली. उंच, काटक, कपाळावर गोंदण. दुकानदारानं तांब्याचं स्तोत्र सुरू केलं. तिनं ते ऐकलंच नाही. वाकून तिनं माझ्या पोटावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं.

"आवाज बद्द न्हाई हिचा," ती म्हणाली. "हीच द्या."

मित्रांनो, उभ्या आयुष्यात माझ्या अंगाकडे पाहून मला निवडणारी ती एकटीच. बाकी सगळ्यांनी तांबं घेतलं आणि मी बरोबर गेलो.

रूपाबाईचा नवरा हरिचंद दोन वर्षांपूर्वी वारला होता. मुलगा जगन तेव्हा विशीत. तांड्याच्या आसपास हळद खूप, आणि पॉलिशचा ड्रम मात्र दूर. तिनं स्वतःचा ड्रम टाकला. शिजवून वाळवलेली हळद आधी किती ओबडधोबड दिसते, माहीत आहे का? मातकट, सुरकुतलेली. ती भोकाच्या पत्र्याच्या ड्रममध्ये भरतात. ड्रम फिरतो, हळकुंडं एकमेकांवर घासतात, साल झडते, वर हळदीचं पाणी शिंपडतात, आणि दोन तासांनी सोनं बाहेर पडतं. तो ड्रम पट्ट्यानं मी फिरवायचो. मला बाभळीच्या जाड ओंडक्यावर बसवलं होतं.

"आमच्या पणज्यांनी बैलावर मीठ वाह्यलं," रूपाबाई शेजारणींना सांगायची, "मी मोटारीवर हळद फिरवून राहिले. आमचं नशीबच फिरस्तीचं."

मला बसवायला तांड्यावरचाच बाबूसिंग आला. पूर्वी तो साखर कारखान्यात वायरमन होता. त्यानं शेडबाहेर कमरेएवढा खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं, आणि तिथून एक जाड तार आणून माझ्या उजव्या पायावरच्या त्या उघड्या जागेवर बोल्टानं आवळली.

"ही तार काहून, बाबूभाऊ?" रूपाबाईनं विचारलं.

"करंट म्हंजी खोंड," बाबूसिंग म्हणाला. "आत दावणीला हाय तवर काम करतो. दावं तुटलं की मोटारीच्या अंगावर येतो. मग ह्या तारेनं सरळ जमिनीत उतरंल, तिकडं फ्यूज उडंल, अन् माणूस वाचंल. खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी टाकत जा. अन् बोल्टाखालची ही जागा कोरी पाहिजे."

रूपाबाईनं पाण्याचं पक्कं धरलं. रोज सकाळी तांब्या घेऊन ती खड्ड्याशी यायची. संध्याकाळी ड्रम थांबला की माझ्या पाठीवर थाप मारायची, "बस झालं बाई, नीज आता." मला ती बाईच म्हणायची. मीही कधी हरकत घेतली नाही. बिडाला बाई काय अन् बुवा काय.

हळदीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. मोटार शेडमध्ये ठेवली तर चोरीला जाते, म्हणून हंगाम संपला की मला सोडवून घरात आणून ठेवायचे. धान्याच्या कोठीशेजारी माझी जागा. मग खंडेनवमी यायची. तुम्हांला माहीत आहे, त्या दिवशी अवजारांची पूजा असते. रूपाबाई मला अंगणात काढून धुवायची, नवा रंग द्यायची, हळदकुंकू लावून नारळ फोडायची. पट्ट्यांच्या खाचांमध्येसुद्धा ब्रश घालायची. आणि उजव्या पायावरची ती जागाही भरून टाकायची.

फेब्रुवारीत मला परत बसवायला बाबूसिंग आला की तो कपाळाला हात लावायचा.

"रूपाबाई, पुन्हा रंग थापला व्हय इथं? सांगितलं व्हतं ना?"

"सणाला सगळ्या अंगावर नवं कापड घालायचं अन् एक पाय नागडा ठेवायचा? बरं दिसतंय का ते?"

"रंगातून करंट जात न्हाई. खोंडाच्या वाटंवर तुमी दरवाजा लावून ठेवला."

"तुमी हायेत ना दरवाजा उघडायला. रंगवणं माझ्याकडं, खरवडणं तुमच्याकडं."

बाबूसिंग पिशवीतून कानस काढायचा आणि कर्र कर्र घासून ती जागा लख्ख करायचा. रूपाबाई चहा ठेवता ठेवता ओरडायची, "बघा बाई, माझ्या लेकीच्या पायाला कसा सोलून राहिला!" तो हसायचा. सहा वर्षं हे भांडण न चुकता झालं. ती वर्षातून एकदा झाकायची, तो वर्षातून एकदा उघडायचा. दोघांच्या मधे मी सुरक्षित होतो. चुकलो. मी नाही, माझ्याजवळ येणारी माणसं सुरक्षित होती.

मग बाबूसिंगच्या डोळ्यांत मोती आला. नांदेडला मुलीकडे ऑपरेशन झालं आणि तिनं त्याला परत पाठवलंच नाही. जाताना तो म्हणाला होता, "रूपाबाई, त्या बोल्टाचं आता तुमीच बघा."

"व्हय, व्हय. जगन बघंल."

जगनला मात्र कुणी सांगितलं नाही. बोल्ट आवळायचा एवढं त्याला ठाऊक होतं. त्याच्याखाली काय असावं आणि काय नसावं, हे रूपाबाई आणि बाबूसिंगच्या भांडणातच राहिलं होतं. रूपाबाईला आठवत नव्हतं असं नाही. एकदा तिनं कानस हातात घेतलीही. माझ्या पायाकडे बघत राहिली आणि ठेवून दिली. "सणाच्या रंगाला आपल्या हातानं कानस लावणं माझ्यानं होत न्हाई," ती स्वतःशीच म्हणाली. "तार तर पक्की हाये."

तार पक्कीच होती. जगननं सगळं बळ लावून आवळली होती. खड्ड्यात रोज पाणी पडत होतं. फक्त मधे रंग होता. पहिल्या वर्षी निळा. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर चंदेरी.

त्या दुसऱ्या हंगामात लाइट फार कमी-जास्त झाली आणि आतलं तांबं जळालं. मला टमटममध्ये घालून हिंगोलीला नेलं. तिथल्या मेस्तरीनं जळकं तांबं उपसलं, नवं भरलं, आणि जगनला कौतुकानं दाखवलं. जगननं विचारलं, "बॉडी ठीक हाय ना?" मेस्तरी म्हणाला, "बॉडीला काय होतंय? बॉडी पडेल चीज, नुसती पडून राहणारी." आठ वर्षं ज्यानं तांब्याला उराशी धरलं, तो पडेल. बरं.

तिसऱ्या खंडेनवमीला रूपाबाईनं हिरवा रंग आणला. घरात नवी सून येणार होती ना.

सुनेचं नाव मिना. माहेर साखरा गावाकडचं, कोरडवाहू भागातलं. तिनं हळदीचा ड्रम कधी पाहिला नव्हता. बारावीपर्यंत शिकलेली, बोलायला थोडी. फेब्रुवारीत जगननं मला हिरव्या रंगावरच आवळून बसवलं आणि काम सुरू झालं. मिना ड्रमवर पाणी शिंपडायची, अनवाणी, ओल्या जमिनीवर. माझ्या पट्ट्यांच्या कडांवरचा रंग तापून लगेच उडतो. चौथ्या दिवशी तिची बोटं त्या उघड्या कडांना लागली आणि तिनं हात झटकला.

"याडी, मोटार चावून राहिली."

तांड्यावर आईला याडी म्हणतात. सासूलाही तिनं याडीच म्हणायचं ठरवलं होतं.

रूपाबाई खळखळून हसली. तिचे गुडघे दुखायचे, गार जमीन सोसायची नाही, म्हणून ती नेहमी चौपदरी बारदानावर उभी राहायची. तिथूनच तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "हे बघ. मला काहून चावत न्हाई? ती घरचं माणूस वळखते. तू नवी हायेस."

हळद घेऊन आलेल्या बायकांना विषयच मिळाला. "नव्या सुनेला म्हैस लाथ मारती, हिला मोटार चावती!" "अगं, मोटारीला गूळ दे, माहेराहून आणला असशील तर!"

जगन रबरी चप्पल घालून आला, त्यानंही हात लावून पाहिला. "काय न्हाई. उगं कामाचा कंटाळा."

मित्रांनो, मला बोलता येत नाही, हे तुम्ही जाणता. त्या दिवसाइतकं ते मला कधी टोचलं नाही. मेस्तरीनं नवं तांबं घाईत भरलं होतं. एका ठिकाणी त्याच्याभोवतीचा, करंट अडवणारा कागद विरला होता. दावं उसवायला लागलं होतं. खोंड अजून सुटला नव्हता, नुसती जीभ माझ्या अंगावर फिरवत होता. अनवाणी मिनाला ती जीभ लागत होती. बारदानावरच्या रूपाबाईला लागत नव्हती. खरं सांगणारी एकच होती आणि ती घरात सगळ्यांत नवी होती.

मिनानं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "याडी, तुमी सांगता त्या बाबूसिंगकाकाला फोन तरी लावा. त्येंना माहीत असंल."

"ते तिकडं नांदेडला लेकीकडं. त्येंना कशाला तकलीफ? हळद निपटू दे, मग बघू."

त्या दिवसापासून मिना मला हात लावताना पदराची घडी करून लावायची. बायका त्यालाही हसायच्या.

हळद त्या वर्षी बरी आली होती. हंगामाचा शेवटचा ड्रम दुपारी निघाला. मिना पोती भरत होती. शेवटची अर्धी पाटी उरली आणि पोती संपली.

"याडी, पोतं कमी पडलं."

रूपाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. स्वतःच्या पायाखालचं बारदान ओढलं, झटकलं आणि मिनाकडे फेकलं. "घे, ह्यात भर. आपलं उभं राहणं झालं आता."

हात हळदीच्या पाण्यानं भिजलेले होते. पाय ओल्या जमिनीवर. रिकामा ड्रम अजून हळूहळू फिरत होता, स्विच कुणी पाडला नव्हता. हंगाम संपला म्हणून ती माझ्याजवळ आली आणि रोजच्यासारखी थाप मारायला हात उचलला.

"बस झालं बा..."

त्याच क्षणी आत तो कागद फाटला. खोंड सुटला. तो माझ्या उजव्या पायापर्यंत गेला, मित्रांनो. ज्या वाटेनं त्याला जायचं होतं तिथपर्यंत गेला. तिथे दरवाजा होता. निळा, चंदेरी, हिरवा. तिनंच ब्रशनं लावलेला, सणाच्या दिवशी, प्रेमानं. मग त्याला पाठीवर, तिच्याच थापांनी रंग झिजलेल्या जागेवर, दुसरी वाट सापडली.

मिना धावली. सगळ्यांत आधी तीच धावली, आणि रूपाबाईला न धरता तिनं मेन स्विचचा दांडा खाली ओढला. तिनं एवढं बरोबर केलं. पण उशीर झाला होता. माझ्या पाठीवर हळदीचा हात उमटला होता. पाच बोटं.

पंचनाम्याला एक साहेब आले. त्यांनी पेनानं माझ्या पोटावर टकटक केलं आणि लिहिलं, "ओल्या हाताने मोटारीस स्पर्श." झालं. चूक गेलेल्या बाईच्या हाताची ठरली. तारेकडे त्यांनी पाहिलं. तार पक्की होती. बोल्ट कुणी खोलला नाही.

तांड्यावरचे म्हातारे म्हणाले, "मोटार बाधिक निघाली." मिना एकदाच बोलली, "मी सांगत व्हते, चावते म्हणून." त्यावर एका बाईनं तिला ऐकवलं, "तुझंच तोंड लागलं मग." जगन माझ्यासमोर उकिडवा बसून खूप रडला. मग त्यानं मला पालथा घातला आणि एक लाथ मारली. त्याचा पाय दुखला असेल. मला काय, मी पडेल.

आठ दिवसांनी आतलं तांबं काढून विकलं. तांब्याला बाधा होत नाही म्हणे. माणूस खाल्लेलं बीड मात्र कुणी घेईना, म्हणून मी शेडमागे आलो.

नवी मोटार आली. माझ्यासारखाच राखाडी सांगाडा, उजव्या पायावर रुपयाएवढी लख्ख जागा. हंगाम नव्हता, म्हणून ती घरात कोठीशेजारी बसली. मग खंडेनवमी आली. जगननं वसमतहून भारी ऑइल पेंट आणला. अंगणात बसून त्यानं तिचा एकेक बोल्ट खोलला.

"याडी बोल्ट न खोलता रंगवायची," तो मिनाला म्हणाला. डोळे भरलेले होते. "मी एक कोपरा सोडणार न्हाई. तिला वरून बघून बरं वाटंल."

त्यानं एक कोपरा सोडला नाही. लाल रंगाचे दोन हात दिले. उजव्या पायावर तर तीन, कारण तिथे रंग धरत नव्हता. घासलेल्या लोखंडावर आधी धरत नाहीच. नारळ फुटला. मी शेडमागून आवाज ऐकला.

फेब्रुवारीत त्यानं नवी मोटार ओंडक्यावर चढवली आणि तार सगळं बळ लावून आवळली. त्या मरणातून ते एकच गोष्ट शिकले आहेत, बारदानावर उभं राहायचं. आता मिनासाठी दोन बारदानं अंथरलेली असतात. चांगलंच आहे ते. पण बारदान भिजतं, मित्रांनो. बारदान हलतं. आणि बारदानाला दुसरी कामं असतात.

काल मिना शेळी बांधायला आली आणि माझ्यावरच टेकली. उन्हानं माझ्या उजव्या पायावरच्या रंगाला पोपडे धरले आहेत. ती सहज नखानं ते उचलू लागली. हिरवा निघाला. "हा माझ्या लग्नाचा," ती म्हणाली. शेळीला म्हणाली असेल. त्याच्याखाली चंदेरी. त्याच्याखाली निळा. मग माझं कोरं बीड लागलं. तिनं त्यावर अंगठा ठेवला. पोपडा उन्हात धरून त्याचे तीन थर पाहिले. मग मान वळवून शेडकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. बोल, मी म्हणत होतो. उठ, कानस घे, दांडा खाली ओढ, तो बोल्ट खोल.

"मिना! ये गं, ड्रम भरला!" जगननं हाक मारली.

तिनं पोपडा टाकला आणि हात झटकून गेली.

मित्रांनो, मला रंगाचा राग नाही. मला ज्या हातानं रंगवलं तसा हात पुन्हा मिळणार नाही. तुमच्या घरी, शेतात, गिरणीत, पिठाच्या चक्कीवर माझ्यासारखा कुणी उभा असेल. त्याला हात लावू नका. मोठ्या माणसाला म्हणा, मेन स्विच बंद करा आणि अर्थिंगचा बोल्ट खोलून दाखवा. खाली लख्ख लोखंड नसेल, तर ते घासून घेतल्याशिवाय त्यांना जेवू देऊ नका. आणि कुणी म्हणालं, मोटार चावते, तर हसू नका. घरात नवं असलेल्या माणसालाच कधी कधी पायाखालची जमीन कळत असते. आम्हांला सजवा, पुजा, नारळ फोडा. फक्त पायावरची रुपयाएवढी जागा नागडी राहू द्या. ती माझी लाज नाही, तुमची वाट आहे.

शेडमधून आता घुंई आवाज येतो आहे. मिनालाही ती सवय लागली आहे, ड्रम थांबत आला की मोटारीच्या पाठीवर थाप मारायची.

हळद यंदा फार चांगली आली आहे. पोती कमी पडतील.